४१५ किलोमीटरची चूल

थायलंडमधील बान पाँग गावाजवळच्या नाँग प्लादुक स्थानकापासून ब्रह्मदेशातील थानब्यूझयातपर्यंतचा ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग जपानी सैन्याने जून १९४२ ते ऑक्टोबर १९४३ या काळात बांधला. निम्म्याहून अधिक वाट ख्वे नोई नदीच्या काठाने, डोंगराच्या कडा फोडत, तीन पॅगोडांच्या खिंडीकडे चढत जाते. या कामावर साठ हजारांहून अधिक युद्धकैदी होते, आणि आशियाई मजुरांची संख्या बहुतेक अंदाजांनुसार दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरते. त्यांपैकी सुमारे साडेबारा हजार कैदी दगावले. मजुरांच्या मृत्यूंचा नेमका हिशेब कुणीच ठेवला नाही. सामान्यतः नव्वद हजारांच्या घरातला आकडा दिला जातो. १९५७ च्या गाजलेल्या चित्रपटामुळे या मार्गावरचा एक पूल जगाच्या लक्षात राहिला. पण पुलावरून पडून किंवा सुरुंगाने मेलेले थोडे. बाकीच्यांचा जीव कुपोषणाने, आमांशाने, हिवतापाने, पटकीने आणि पायांवर चिघळलेल्या जखमांनी घेतला. या सगळ्या रोगांची मुळे कुठे ना कुठे छावणीच्या चुलीपाशी आणि पाण्यापाशी जाऊन पोहोचतात.

मार्ग बांधायचे कारण सरळ होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर आणि मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती पडले. ब्रह्मदेशातल्या सैन्याला रसद पोहोचवायची तर मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वळसा घालून जावे लागे, आणि जूनमधल्या मिडवेच्या लढाईनंतर समुद्रावरचा भरवसा उरला नव्हता. त्यामुळे जमिनीवरून वाट काढण्याचा हुकूम निघाला. थायलंडच्या बाजूने नववी आणि ब्रह्मदेशाच्या बाजूने पाचवी रेल्वे पलटण कामाला लागली. मुदत १९४३ च्या अखेरची होती. ती मध्येच अलीकडे ओढण्यात आली. घाईचा हा काळ आणि पावसाळा एकाच वेळी आले. जेवणाच्या इतिहासात ही गोष्ट निर्णायक ठरते.

कैद्यांत सुमारे तीस हजार ब्रिटिश, अठरा हजार डच, तेरा हजार ऑस्ट्रेलियन आणि सातशेच्या आसपास अमेरिकन होते. डच कैदी जावा बेटावरून आणलेले होते. त्यांच्यापैकी अनेकांचा जन्म तिथलाच किंवा सारी हयात तिथेच गेलेली, त्यामुळे भात, मिरची, रानभाजी हे त्यांना परके नव्हते. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिक पाव, मांस आणि बटाट्यावर वाढलेले. तीन वेळा भातच खायचा हे त्यांच्या पोटाला आणि त्याहूनही जास्त त्यांच्या स्वयंपाक्यांना जड गेले.

वरकरणी पाहता या मार्गावर उपासमार व्हायचे काही कारण नव्हते. युद्धापूर्वी ब्रह्मदेश हा जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार होता आणि थायलंडही त्याच्या पाठोपाठ होता. मार्गाचे एक टोक एका कोठारात आणि दुसरे टोक दुसऱ्या कोठारात होते. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाल्याची झळ त्याच १९४३ साली बंगालला दुष्काळात लागली. इकडे तो तांदूळ बंदरांच्या मागे पडून होता आणि दोन-अडीचशे किलोमीटरवर माणसे पातळ पेजेवर दिवस काढत होती. धान्य होते, पण ते पुढे नेण्याची सोय मात्र नव्हती.

थायलंडच्या बाजूला रसदीचा मुख्य रस्ता म्हणजे नदीच. कांचनाबुरीहून पडाव निघत. फटफट आवाज करणारी छोटी मोटरबोट पुढे आणि तिच्यामागे बांधलेले दोन-तीन पडाव. उन्हाळ्यात पाणी आटले की ते वाळूत रुतत. पावसाळ्यात पाणी भरपूर, पण लोंढा असा की प्रवाहाविरुद्ध वर चढणे दिवसेंदिवस चाले. पडावांत आधी जागा मिळे ती अवजारांना, सुरुंगाच्या दारूला आणि जपानी पलटणींच्या सामानाला. तांदूळ नंतर, भाजीपाला त्याच्याही नंतर. वरच्या छावण्यांना भोपळे आणि मुळे पोहोचेपर्यंत त्यांतला बराच भाग सडलेला असे. ब्रह्मदेशाच्या बाजूला नदीची सोय नव्हती. तिथे जंगल तोडून केलेली गाडीवाट होती आणि पहिल्या मोठ्या पावसातच तिचा चिखल झाला. मांसाच्या बाबतीत मात्र ब्रह्मदेशाची बाजू थोडी बरी होती, कारण गुरे स्वतःच्या पायांनी चालत येऊ शकत. कळपच्या कळप छावण्यांकडे हाकले जात. वाटेत ती वाळत, मरत, चोरीला जात. जी पोहोचत त्यांच्या हाडांचे, आतड्यांचे, रक्ताचेही काहीतरी शिजे.

छावणी नदीच्या धक्क्यापासून दूर असेल तर शेवटचा टप्पा माणसांच्या खांद्यावर. दिवसभर कडा फोडून आलेल्यांनी, किंवा आजारी म्हणून मागे ठेवलेल्यांनी, चिखलातून पोती आणायची. जपानी भांडारातून मिळणारे पोते कागदावर शंभर किलोचे असे. प्रत्यक्षात ते हलके भरे आणि छावणीच्या नोंदींत याची तक्रार सारखी येते. तांदळात किडे, अळ्या, खडे, कधी गोदामाच्या जमिनीवरचे झाडलेले दाणे. टिकावा म्हणून चुना लावलेला तांदूळही येई. तो पुन्हा पुन्हा धुतल्याशिवाय तोंडात घालवत नसे, आणि प्रत्येक धुण्याबरोबर त्यातले उरलेसुरले सत्त्वही वाहून जाई.

शिध्याची श्रेणी ठरलेली होती. मार्गावर काम करणाऱ्याला सर्वांत जास्त, छावणीत हलके काम करणाऱ्याला कमी, आजाऱ्याला सर्वांत कमी. काही ठिकाणी निम्मा, काही ठिकाणी त्याहूनही कमी. जो राबत नाही त्याला भाकरीचा हक्क नाही, हे त्यामागचे तत्त्व. हिशेबनीसाला ते पटण्यासारखे असले, तरी वैद्यकाच्या दृष्टीने ते मूर्खपणाचे होते. आजाऱ्याचा शिधा तोडला की तो लवकर बरा होत नाही, बरा न झालेला कामावर येत नाही, आणि मग माणसांचा कोटा पुरा करण्यासाठी आजाऱ्यांनाच ओढून न्यावे लागते. घाईच्या महिन्यांत अगदी तसेच झाले. चालता न येणाऱ्यांना झोळीत घालून कामावर नेण्यात आले आणि बसल्या बसल्या खडी फोडायला लावले.

यावर बहुतेक कैदी-छावण्यांनी एकच उपाय काढला. जपान्यांकडून शिधा श्रेणीप्रमाणे घ्यायचा, पण शिजवायचा एकाच ठिकाणी आणि वाढायचा जवळपास समान. म्हणजे धडधाकट माणूस आपल्या वाटणीतले काही आजाऱ्याच्या थाळीत सोडत होता. यावर कुरकूर झाली नाही असे नाही. दिवसभर घण मारून आलेल्याला इस्पितळातल्या माणसाचा भात दिसत असेच. पण आज जो झोपला आहे त्याच्या जागी आठवड्याभरात आपण असू, हे प्रत्येकाला कळत होते.

छावणीतले स्वयंपाकघर म्हणजे बांबू आणि ताडाच्या पानांचे छप्पर, खाली मातीत खणलेले चुलाण, आणि त्यावर मातीत पक्क्या बसवलेल्या मोठ्या पसरट लोखंडी कढया. मलाय भाषेत या कढईला कुआली म्हणतात. कैद्यांनीही तेच नाव उचलले. पसरट कढईत शेकडो माणसांचा भात एकसारखा शिजवणे हे अनुभवाचे काम आहे. खाली खरवड करपते, वर दाणा कच्चा राहतो, मध्ये लगदा होतो. पलटणीतले ब्रिटिश स्वयंपाकी सुरुवातीला तिथेच अडकले. सिंगापूरच्या चांगी छावणीतले पहिले महिने चिकट गोळा किंवा करपा भात खाण्यात गेले. आधण किती, जाळ कधी ओढायचा, झाकण म्हणून ओली पोती कशी दाबायची, हे शिकायला वेळ लागला. आपल्याकडे लग्नकार्यात भाताची जबाबदारी जाणत्या आचाऱ्याकडेच का देतात, ते अशा वेळी कळते. पुढे तेच लोक खरवडसुद्धा वाया जाऊ देईनासे झाले. करपलेला भात भाजून, कुटून, उकळून त्याची ‘कॉफी’ केली जाई. तांदूळ दळून त्याचे वडे तळत, तेल असेल तेव्हा.

स्वयंपाक्यांचा दिवस मध्यरात्रीनंतर सुरू होई. जळण तोडणारी वेगळी टोळी, पाणी वाहणारी वेगळी. पावसाळ्यात ओले बांबू पेटत नसत. धुराने डोळे सुजलेले स्वयंपाकी ही त्या दिवसांतली कायमची खूण. कामावरच्या टोळ्या उजाडायच्या आत निघत, त्याआधी त्यांना पातळ मऊभात मिळे. सोबत दुपारसाठी कोरडा भात डब्यात बांधून घ्यायचा. तो दुपारपर्यंत आंबे किंवा मुंग्यांनी भरे. रात्री परतल्यावर भात आणि ‘स्ट्यू’. नाव भारदस्त, पण भांड्यात बहुधा भोपळ्याचे किंवा मुळ्याचे काही तुकडे तरंगणारे पाणी, क्वचित सुक्या मासळीचा वास. चिखलात तिष्ठणाऱ्या माणसांच्या पंगतीला वाढप्याचे ओगराळे हेच न्यायासन होते. सपाट भरले की शिगोशीग, तळातून घेतले की वरून, यावर सगळ्यांचे डोळे असत. सगळ्यांना वाढून काही उरले तर त्याचीही पाळी लावलेली असे, आणि त्या उरलेल्या घासासाठी मलाय भाषेतला ‘लागी’, म्हणजे ‘आणखी’, हा शब्द सगळ्या देशांच्या कैद्यांनी वापरायला सुरुवात केली. स्वयंपाकी इतरांपेक्षा जाडजूड दिसतात ही तक्रार जगातल्या प्रत्येक छावणीत होते. इथेही होती, आणि काही ठिकाणी ती खरीही होती. म्हणून चांगल्या छावण्यांत स्वयंपाकघरावर अधिकाऱ्याची नेमणूक असे आणि पोत्यांची मोजदाद लिहिली जाई.

पोट भरले तरी माणूस मरतो, याचा सर्वांत ठळक पुरावा बेरीबेरीने दिला. पाय सुजतात, सूज वर चढते, हृदय दमते. किंवा उलट, माणूस सुकत जातो आणि पायांची बोटे बधिर होतात. कारण थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव. यंत्रात सडून पांढरा शुभ्र केलेल्या तांदळाचा कोंडा आणि अंकुर निघून जातो, आणि थायमिन नेमके तिथेच असते. शिवाय आहारात पिष्टमय भाग जितका जास्त तितकी थायमिनची गरज वाढते. नुसता पांढरा भात भरपूर खाणारा माणूस त्यामुळे दुहेरी अडचणीत सापडतो.

हे ज्ञान या भूभागाला नवे नव्हते. किंबहुना त्याचा जन्मच इथला. १८९० च्या दशकात जावातील बटाव्हियात ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टराच्या प्रयोगातल्या कोंबड्या लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला शिजलेला पांढरा भात खाऊन लुळ्या पडल्या. नवा स्वयंपाकी आला, त्याने लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना द्यायचे नाकारले, त्यांना असडीक तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. स्वयंपाक्याच्या हेकेखोरपणातून वैद्यकशास्त्राला लागलेला हा शोध पुढे गेरिट ग्राइन्सने नीट उलगडला. १९२६ मध्ये त्याच बटाव्हियात यानसेन आणि डोनाथ यांनी कोंड्यातून ते जीवनसत्त्व वेगळे काढले आणि १९२९ मध्ये आइकमनला नोबेल पारितोषिक मिळाले. जपान्यांनाही याची झळ ठाऊक होती. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी १८८० च्या दशकात खलाशांच्या आहारात बदल करून बेरीबेरी जवळपास संपवली, तर लष्कराने पांढऱ्या भाताचा हट्ट धरला आणि १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात सुमारे २७ हजार सैनिक या एका रोगाने गमावले.

मलायातही हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने कळलेली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या ब्रिटिश डॉक्टरांना दिसले, की सयामी पांढरा तांदूळ खाणाऱ्या चिनी खाणकामगारांना बेरीबेरी होते, आणि शेजारच्याच तमिळ मजुरांना सहसा होत नाही. विल्यम फ्लेचर यांनी १९०५ च्या सुमारास क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात या दोघांचे तांदूळ वेगवेगळ्या गटांना देऊन फरक दाखवून दिला. तमिळ मजूर खात होते तो उकडा तांदूळ. भात सालीसकट उकडून मग सडला की कोंड्यातले सत्त्व दाण्यात मुरते. कोकणात आणि गोव्यात पेजेला हाच तांदूळ लागतो, आणि चवीपलीकडचे त्याचे गुण बहुतेकांना माहीत नसतात. लोहमार्गावर मात्र भांडारातून जे पोते येई तेच शिजे. कोण काय खात आला आहे हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

कैद्यांतल्या डॉक्टरांना उपाय माहीत होते, ते मिळवायचे कसे हा प्रश्न होता. तांदळाचा कोंडा हा सगळ्यांत स्वस्त. तो भुशासारखा लागे, खवट होई, आजाऱ्यांना तो गिळायला लावणे ही एक लढाईच. हिरवे मूग मिळाले तर सोन्याहून पिवळे. ते भिजवून मोड आणले की ब-जीवनसत्त्वाबरोबर क-जीवनसत्त्वही हाती लागे. शेंगदाणे, गूळ, आंबवून तयार केलेले किण्व, रानातला पाला हेही प्रयोग झाले. जावातून आलेले डच डॉक्टर इथे फार कामी आले. ब्रह्मदेशाच्या बाजूला अमेरिकन कैद्यांच्या सोबत असलेले हेन्री हेकिंग यांना इंडोनेशियातल्या वनौषधींची चांगली जाण होती आणि त्यांच्या देखरेखीखालच्या अनेकांनी आपण त्यांच्यामुळे वाचलो असे पुढे सांगितले. पण सगळ्यांत मोलाची वस्तू होती बदकाचे अंडे. प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, आणि वर नैसर्गिक कवच, म्हणजे घाणीचा धोका नाही. थाई खेड्यांत ती भरपूर मिळत. कैद्याच्या दिवसभराच्या मजुरीत एखाद-दुसरे अंडे येई, आणि महागाई वाढू लागल्यावर तेही नाही.

मजुरी मिळत होती ही गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटते. शिपायाला कामाच्या दिवसाचे काही सेंट, अधिकाऱ्याला काम न करताही मासिक रक्कम. या तफावतीतून छावणीचा निधी उभा राहिला. अधिकाऱ्यांनी आपल्या पगारातला ठरावीक भाग आजाऱ्यांच्या अन्नासाठी द्यायचा, असा दंडक बहुतेक ठिकाणी पडला. तो कुठे आपखुशीने पाळला गेला, कुठे हुकुमाने. एडवर्ड डनलॉप हे ऑस्ट्रेलियन शल्यविशारद जानेवारी १९४३ मध्ये जावाच्या कैद्यांची तुकडी घेऊन कोन्यू आणि मग हिंतोक इथे आले. त्यांनी ही वर्गणी नेटाने लावली आणि त्यावरून सहकारी अधिकाऱ्यांशी त्यांचे खटकेही उडाले. निधीतून अंडी, मूग, तेल, साखर घेतली जाई आणि ती डॉक्टरांच्या यादीप्रमाणे इस्पितळात जाई. ख्वे याई नदीवरच्या पुलाजवळच्या तामार्कन छावणीचे प्रमुख फिलिप टूझी यांनी स्वयंपाकघर, संडास आणि उपाहारगृह या तिन्हींवर कडक शिस्त ठेवली. बांधकामाच्या काळात तिथे फार थोडे दगावले. अर्थात टूझींच्या बाजूला भूगोलही होता. तामार्कन कांचनाबुरीच्या बाजाराला लागून होते. हिंतोकच्या कड्याजवळच्या अधिकाऱ्याकडे तितकीच शिस्त असली तरी अंडेवाला तिथवर पोहोचत नव्हता.

पोहोचायचा प्रयत्न करणाऱ्यांत बूनपाँग सिरिवेच्चफन हे कांचनाबुरीचे व्यापारी सर्वांत पुढे होते. छावण्यांच्या उपाहारगृहांना माल पुरवण्याचा ठेका त्यांनी जपान्यांकडून घेतला आणि भाजीच्या टोपल्यांतून औषधे, पैसे आणि निरोप आत नेले. उधारीही दिली. बँकॉकमध्ये स्थानबद्ध असलेल्या युरोपीय नागरिकांनी उभी केलेली ‘व्ही’ नावाची गुप्त संघटना पैसे जमवी आणि ते अशाच वाटांनी वर जात. पकडले गेले असते तर जपानी लष्करी पोलिसांकडून जिवंत परतण्याची शक्यता कमी होती. युद्धानंतर बूनपाँग यांचा सन्मान झाला, आणि थाई शल्यविशारदांना ऑस्ट्रेलियात प्रशिक्षण देणारी एक शिष्यवृत्ती आजही डनलॉप आणि बूनपाँग या दोघांच्या नावाने चालते.

बाजारही दूर आणि व्यवस्थाही विस्कटलेली, असे झाले की काय होते ते ‘एफ फोर्स’ने दाखवले. एप्रिल १९४३ मध्ये सिंगापूरहून सात हजार कैदी निघाले. सिंगापुरात अन्नाची टंचाई आहे, जिथे नेत आहोत तिथे जेवण चांगले मिळेल, आजारी असतील त्यांनाही घ्या, असे जपान्यांनी सांगितले होते. त्यामुळे तुकडीत जवळपास एक तृतीयांश माणसे मुळातच अशक्त होती. बान पाँगला उतरवून त्यांना रात्री-रात्री सुमारे तीनशे किलोमीटर चालवण्यात आले, तीन पॅगोडांच्या खिंडीच्या आसपासच्या, म्हणजे दोन्ही टोकांपासून लांबच्या छावण्यांकडे. कागदोपत्री ही तुकडी मलायाच्या कैदी-प्रशासनाखाली राहिली, थायलंडच्या नव्हे. त्यामुळे तिची रसद कुणाची जबाबदारी हे ठरायलाच वेळ गेला. पाऊस सुरू झाला, रस्ता बंद पडला, पडाव तिथपर्यंत क्वचित येत. मे महिन्यात पटकी आली. वर्षअखेरीपर्यंत सात हजारांपैकी सुमारे ३,१०० माणसे मेली.

पटकीच्या साथीत स्वयंपाकघराचे महत्त्व भातापेक्षा उकळत्या पाण्यामुळे जास्त होते. कैद्यांच्या छावण्यांत नियम झाले: नदीचे पाणी थेट प्यायचे नाही, बाटली भरायची ती स्वयंपाकघरातल्या उकळलेल्या पाण्यानेच, आणि ओगराळ्यासमोर जाण्याआधी प्रत्येकाने आपला डबा खदखदत्या पाण्यात बुडवून काढायचा. यासाठी कढया रात्रंदिवस चुलीवर. भातासाठी जळण पुरत नसताना पाण्यासाठी लाकूड तोडणारी माणसे बाजूला काढणे हा कठोर निर्णय होता, आणि तो जिथे घेतला गेला तिथे साथ काही आठवड्यांत ओसरली. आजाऱ्यांच्या शरीरात पाणी भरण्यासाठी याच चुलींवर ऊर्ध्वपातनाची भांडी बसवली गेली आणि बांबूच्या नळ्यांतून मिठाचे पाणी शिरेत सोडले गेले.

आशियाई मजुरांच्या छावण्यांत यातले जवळजवळ काही नव्हते. त्यांची कहाणी भुकेपासूनच सुरू होते. मलाया आपल्या गरजेचा बहुतांश तांदूळ बाहेरून आणत असे. युद्धामुळे रबराची निर्यात थांबली, मळे ओस पडले, तांदूळ मिळेनासा झाला. अशा वेळी तीन महिन्यांचा करार, रोजी एक डॉलर आणि फुकट शिधा ही जाहिरात मळ्यांवरच्या तमिळ मजुरांना खरी वाटली. काही जण बायकामुलांसह निघाले. पुढे खबर परतू लागली तशी भरती जबरदस्तीची झाली. फुकट सिनेमाच्या खेळाला जमलेल्यांना दारे लावून गाड्यांत भरल्याचे प्रकारही नोंदलेले आहेत. ब्रह्मदेशात बा मॉ यांच्या राजवटीने ‘घामाची सेना’ उभी केली आणि गावांना माणसांचा कोटा लावला. जावातूनही हजारो आणले गेले. ब्रह्मी मजुरांना घर तुलनेने जवळ होते, म्हणून ते मोठ्या संख्येने पळाले. तमिळांना आणि जावानीजना पळायला जागाच नव्हती.

या छावण्यांना मिळणारा तांदूळ कैद्यांच्या तांदळाहून फार वेगळा नव्हता. फरक होता तो त्यानंतरच्या सगळ्यात. पलटणीबरोबर येणारी उतरंड, म्हणजे अधिकारी, डॉक्टर, स्वयंपाकी, संडास खणणारी टोळी, हिशेब ठेवणारा कारकून, इथे नव्हती. मळ्यावरचा कंगाणी हा मुकादम मजुरांना कामावर हाकत असे. सार्वजनिक चूल चालवण्याची त्याला सवय नव्हती. माणसे आपापल्या टोळक्यांत शिजवत, नदीचे पाणी तसेच पीत, आणि चार-पाच भाषांच्या छावणीत पाणी उकळा हे सांगायलाही कुणी नसे. आजारी माणसाचा वाटा एकत्र करून सांभाळायची सोय नसल्यामुळे आजारी पडणे म्हणजे शिधा बंद होणे. पटकी अशा छावण्यांत शिरली की लोक रानात पळत आणि साथ पुढच्या छावणीत घेऊन जात. १९४३ च्या मध्यावर जपान्यांनी सिंगापूरहून युद्धकैदी डॉक्टर आणि परिचारकांची ‘के फोर्स’ आणि ‘एल फोर्स’ ही छोटी दले मजुरांसाठी आणली. त्यांना साधने फारशी मिळाली नाहीत आणि अनेकदा त्यांच्याकडून मुडदे उचलण्याचेच काम करून घेतले गेले. कैद्यांची नावे आज माहीत आहेत, कारण छावणीचे कारकून शिध्यासाठी आणि मृत्यूंसाठी याद्या ठेवत, प्रसंगी लपवून. मजुरांच्या बाबतीत अशा याद्या झाल्याच नाहीत किंवा टिकल्या नाहीत, म्हणून त्यांचा आकडा हजारोंनी इकडेतिकडे होतो.

१७ ऑक्टोबर १९४३ रोजी कोनकोइता इथे दोन्ही बाजूंचे रूळ जुळले. आता रसद गाडीने जाऊ लागली. बहुतेक कैदी खालच्या सपाटीवरच्या चुंकाई, तामुआन, कांचनाबुरी आणि नंतर नाखोन पाथोम इथल्या मोठ्या छावण्यांत आणले गेले. तिथे बाजार जवळ, भाजीचे वाफे करायला जमीन, अंडी पुन्हा आवाक्यात. १९४४ मध्ये अमेरिकन रेडक्रॉसची काही खोकी पोहोचली. एक खोके अनेकांत वाटून घ्यावे लागले तरी त्यातल्या औषधांचा उपयोग झाला. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. तांदूळ अजूनही पांढराच होता, पण त्याच्याबरोबर ताटात आणखी काहीतरी पडू लागले होते. मजुरांतले बरेच जण मात्र मार्गाच्या देखभालीसाठी आणि जळण तोडण्यासाठी १९४५ पर्यंत वरच ठेवले गेले. वाचलेले तमिळ मजूर युद्ध संपल्यावर मलायात परतले.

ऑगस्ट १९४५ नंतर दोस्तांच्या विमानांनी छावण्यांवर अन्न टाकले. एवढ्या काळानंतर एकदम मांस आणि चॉकलेट खाल्ल्याने माणसे आजारी पडू नयेत म्हणून डॉक्टरांना पहारा ठेवावा लागला. बेरीबेरीची सूज उतरली तरी मज्जातंतूंची हानी अनेकांच्या बाबतीत भरून आली नाही. पाय बधिर राहणे, दृष्टी अधू होणे ही लक्षणे टिकली. लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयाने ब्रिटिश माजी कैद्यांची तपासणी अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालू ठेवली. त्यांच्यात या तक्रारींबरोबरच अनवाणी पायांतून शिरलेला स्ट्राँगिलॉइडिस हा कृमी, छावणी सोडल्यानंतर कित्येक दशकांनीही जिवंत आढळला.